संध्याकाळी औषध मारायचं नाही

माझ्या काकीवर अन्याय झाला. गेल्या वर्षी, नागपंचमीच्या आदल्या दिवशी, संध्याकाळची धार काढून झाल्यावर. ती पाठीवर पंप अडकवून मक्याच्या बांधावर उभी होती आणि तिला सांगण्यात आलं की संध्याकाळी औषध मारायचं नाही. सांगणारे माझे वडील होते. ज्यांच्या वतीनं ते सांगत होते ती माणसं भिंतीपलीकडच्या चार इमारतींत राहतात, आणि त्यातल्या एका फ्लॅटमध्ये मी राहते.

मी पत्रकं लिहिते. सदाशिव पेठेत एका क्लासच्या वरच्या खोलीत आमचा छोटा गट बसतो. तिथे मला शिकवलं गेलं की पहिल्या ओळीत कोणावर काय अन्याय झाला आणि कधी झाला ते लिहायचं, आणि दुसऱ्या ओळीत तो कोणी केला ते. दुसरी ओळ मला नेहमी सोपी जायची. बिल्डर लिहा, ठेकेदार लिहा, प्रशासन लिहा, कोणी तरी मिळतंच. ही दुसरी ओळ लिहायला मला जवळपास वर्ष लागलं.

आमचं गाव कात्रजच्या पुढे. गाव म्हणते ती सवय, आता ते पुणे शहरच आहे. आजोबांची जमीन दोन भावांत वाटली गेली तेव्हा रस्त्याकडचा तुकडा थोरल्याला म्हणजे माझ्या वडिलांना आला आणि ओढ्याकडचा धाकट्याला, माझ्या काकांना. रस्त्याकडची जमीन बिल्डरनं मागितली, वडिलांनी दिली, आणि तिच्यावर जी सोसायटी झाली तिच्यातच आम्हाला तिसऱ्या मजल्यावर घर मिळालं. आमच्या गॅलरीतून काकांचं शेत दिसतं. मध्ये सोसायटीची भिंत आहे आणि भिंतीवर काचा लावलेल्या आहेत. या काचा कोणाला अडवायला, असं मी एकदा विचारलं होतं. वडील म्हणाले, सगळ्याच सोसायट्यांना असतात.

काका शाळेची बस चालवतात. पहाटे निघतात, दुपारी परत जातात, संध्याकाळी येतात ते दमून. शेत आणि चार गाई काकी बघते. दूध डेअरीला जातं. मका त्या गाईंसाठीच असतो: कणसात चीक भरला की उभा मका कापायचा, त्याची बारीक कुट्टी करायची, खड्ड्यात पाय देऊन देऊन दाबायची आणि वरून प्लास्टिकचा कागद घालून माती टाकायची. त्याला मुरघास म्हणतात. उन्हाळ्यात आमच्या भागात हिरवं म्हणून जे उरतं ते सोसायटीचं लॉन असतं, तेव्हा गाई या खड्ड्यावर जगतात. म्हणजे पावसाळ्यात मका गेला की पुढच्या उन्हाळ्यात गाई जाणार. काकीला हे कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. आम्हालाही नव्हती.

गेल्या वर्षी मका महिन्याभराचा झाला तेव्हा एका सकाळी तिनं मला गॅलरीखालून हाक मारली. "खाली ये, तुला एक पाव्हणी दाखवते."

मी गेले. तिनं एका रोपाचं मधलं पान उलगडलं. पानावर आडव्या रांगेत भोकं होती, लहानपणी आपण कागदाची घडी घालून कात्रीनं कातरायचो तशी. मध्ये जिथे नवी पानं गुंडाळलेली असतात, ज्याला पोंगा म्हणतात, तिथे ओल्या भुशासारखं काहीतरी भरलं होतं. काकीनं काडीनं ते बाजूला केलं. आत मातकट रंगाची गुबगुबीत अळी होती. काडी लागल्यावर ती आणखी आत सरकली.

"लष्करी अळी," काकी म्हणाली. "घुसली हाय सगळीकडं."

"कुठून येते ही?"

"तुमच्या सोसायटीतनं नसंल आली. मेंटेनन्स भरल्यासारखी दिसत नाय."

काकीचं बोलणं असं असतं. चेहरा न हलवता बोलते, आणि हसायचं की नाही हे आपण ठरवायचं.

ही अळी दिवसा पोंग्यात दडून राहते आणि ऊन उतरलं की बाहेर येऊन खाते. म्हणून औषध संध्याकाळी मारायचं असतं, किंवा अगदी भल्या पहाटे. आमच्या गावात हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. जमीन विकण्याआधीची शेवटची दोन वर्षं माझे वडीलही या अळीमागे संध्याकाळी पंप घेऊन फिरले होते. पहाटे काकीच्या धारा असतात आणि दुधाची गाडी कोणासाठी थांबत नाही. राहिली संध्याकाळ. त्याच दिवशी संध्याकाळी तिनं ओढ्याकडच्या बाजूनं मक्याच्या पहिल्या काही ओळींवर औषध मारून घेतलं.

वारा आमच्या बाजूला होता. वास वर आला. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पहिला मेसेज आला तेव्हा काकीच्या पंपातलं औषध संपलंही नव्हतं. कोणीतरी लिहिलं, पॉयझन स्प्रे चालू आहे. कोणीतरी व्हिडिओ टाकला. दुसऱ्या मजल्यावरच्या एका बाईंच्या मुलाला दमा आहे. त्यांनी लिहिलं की त्याला खोकला सुटलाय, प्लीज कोणीतरी थांबवा. त्या बाईंची भीती खरी होती. मी या औषधांच्या बाजूची नाही, कधीच नव्हते. त्या बाई खाली उतरून काकीला म्हणाल्या असत्या, की माझ्या मुलाला त्रास होतो, कधी मारणार ते आधी सांगत जा, तर काकीनं सांगितलं असतं. पण कोणी खाली उतरलं नाही. खाली उतरायची पद्धतच नाही आमच्याकडे, कारण खाली गेलं तरी पलीकडे जायला दार नाही, मोठा वळसा घालून ओढ्याकडून जावं लागतं.

दुसऱ्या दिवशी लिफ्टशेजारच्या फळ्यावर नोटीस लागली. तिची पहिली ओळ होती: आमच्या मुलांच्या श्वासावर तुमचा हक्क नाही.

ती ओळ माझी होती. आमच्या गटानं काँक्रीटच्या एका प्लांटच्या धुळीविरुद्ध पत्रक काढलं होतं, कसब्यातल्या एका छापखान्यात छापून घेतलं होतं, आणि मी मोठ्या उत्साहानं सोसायटीत घरोघर वाटलं होतं. तेव्हा कोणी वाचलं असेल असं मला वाटलं नव्हतं. आमच्या चेअरमननी वाचलं होतं. ते निवृत्त आहेत, मोठ्या हुद्द्यावरून, आणि बोलतात अतिशय अदबीनं. लिफ्टमध्ये भेटले तेव्हा म्हणाले, "आपली भाषा उसनी घेतली, बरं का. चालेल ना? का मानधन वगैरे अपेक्षित आहे?"

मी म्हटलं, "ते धुळीबद्दल होतं."

"अहो, श्वास तोच ना."

लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर थांबली आणि मी उतरले. यापेक्षा जास्त काही मी बोलले नाही. सभांमध्ये मी माईक हिसकावून घेणारी म्हणून ओळखली जाते.

नोटिशीची एक प्रत वॉचमनबरोबर काकीला पाठवली गेली. सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी पाच ते आठ फवारणीला सक्त मनाई, कारण त्या वेळेत लोक फिरायला निघतात आणि मुलं खेळतात. चेअरमन दोन दिवसांनी आमच्या घरी आले ते हेच सांगायला. सोफ्यावर बसले, चहा घेतला.

"वॉचमनला पाठवलं होतं मी," ते वडिलांना म्हणाले. "त्या बाईंनी काय करावं? नोटीस घेतली आणि गाईसमोर धरली. गाईनं खाल्ली म्हणे. आता गाईकडून पोच कशी घ्यायची?"

वडील हसले. मीही हसले असते, पण वडील ज्या तऱ्हेनं हसले ते बघून माझं हसू गेलं. ते पाहुण्याच्या विनोदाला हसतात तसं हसले, जणू त्या बाई त्यांच्या कोणी नव्हत्याच.

"आपल्या नात्यातल्या ना त्या?"

"भावकीतल्या आहेत," वडील म्हणाले. घरात ते हाय म्हणतात. लिफ्टमध्ये आणि सोफ्यावर आहे म्हणतात.

"मग आपण सांगितलंत तर ऐकतील. उगाच पोलीस वगैरे कशाला, नाही का?"

चेअरमनना आमच्या भावकीतल्या रीतींचं काहीच माहीत नव्हतं, तरी त्यांनी बरोबर जागी बोट ठेवलं होतं. नोटीस काकीनं जुमानलीच नसती. पोलीस आले असते तर त्यांच्याशीही ती भांडली असती, तिला भांडता येतं. पण माझे वडील तिचे थोरले दीर आहेत. आमच्याकडे धाकट्या भावाची बायको थोरल्या दिराशी समोरासमोर बोलत नाही. ते आले की ती पदर डोक्यावर घेते आणि बाजूला होते. दोघांना एकमेकांना काही सांगायचं असलं तर मध्ये कोणीतरी लागतं, घरातली बाई किंवा पोर, आणि त्या तिसऱ्याच्या तोंडून बोलणं होतं, समोरचा हातभर अंतरावर उभा असला तरी. त्या बोलण्याला उलट उत्तर नसतं. लहानपणापासून मी हे बघत आले आणि मला ते गमतीचं वाटायचं. मीच कितीदा मध्ये उभी राहिलेय. तिला सांग, आंबे पाठवलेत. त्यांना सांग, जेवून जा म्हणावं.

नागपंचमीच्या दिवशी आमच्याकडे शेतात कोणी काही करत नाही. म्हणून आदल्या संध्याकाळी काकी उरलेला सगळा मका मारून घ्यायच्या तयारीनं उभी होती. पंप भरला होता, तोंडाला फडकं बांधलं होतं. वडील ओढ्याकडून वळसा घालून आले आणि मला बरोबर घेऊन आले. का नेतायत ते मला वाटेत कळलं होतं. तरी मी गेले.

काकीनं फडकं खाली ओढलं आणि पदर वर घेतला. पंपाचा पट्टा पदरावरूनच होता.

वडील मक्याकडे बघत मला म्हणाले, "तिला सांग, संध्याकाळी औषध मारू नको. लोकांची लहान पोरं हायत. दुपारी मार म्हणावं."

दुपारी मारून उपयोग नाही हे त्यांना माहीत होतं. काकीला माहीत होतं. मला माहीत होतं. आम्ही तिघंही एकाच शेतातली माणसं होतो आणि तिघांनाही माहीत असलेली खोटी गोष्ट मी तोंडानं उच्चारली.

"काकी, पप्पा म्हणतायत, संध्याकाळी नको. दुपारी मार."

दुसऱ्यांचं म्हणणं मांडणं हेच मी एरवी करत असते, त्यामुळे आवाजही छान स्वच्छ लागला.

काकीनं पंप खाली उतरवला. "सांग त्यांना, बरं," ती म्हणाली. "आणि चहा घेऊन जा म्हणावं."

वडील चहाला थांबले नाहीत.

नागपंचमी झाल्यावर तिनं दुपारी मारलं. ऊन डोक्यावर, अळी पोंग्याच्या तळाशी, औषध पानांवर सुकून जात होतं. मी गॅलरीतून बघत होते. दोनदा ती बांधावर बसली, डोकं गुडघ्यात घालून. संध्याकाळी काका बसवरून आले आणि तिच्यावर ओरडले, की भर उन्हात मारतं का कोणी, मरायचंय का. ती म्हणाली, "तुमच्या थोरल्या भावाला विचारा." काकांनी काही विचारलं नाही. भावकीतलं बोलणं तिथेच थांबतं.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी आमच्या सोसायटीत डासांसाठी धूर मारायला माणूस आला. दर पावसाळ्यात येतो. पाठीवर यंत्र, हातात नळी, चारही इमारतींना वळसा घालत पांढरा ढग सोडत जातो. मुलं त्या ढगात नाचत त्याच्या मागे पळत होती आणि आया खाली बाकावर बसून हसत होत्या. मी आणि वडील गॅलरीत होतो.

"हे काय आहे मग?" मी विचारलं.

"डासांचं हाय."

"विचारलं ते कळलंय तुम्हाला."

ते आत निघून गेले आणि टीव्ही लावला.

रविवारी पार्किंगबद्दल सोसायटीची सभा होती. शनिवारी मी काकीकडे गेले. अर्ध्याहून जास्त रोपांच्या पोंग्यांची चाळणी झाली होती, पण ओढ्याकडचा मका, जिथे तिनं अगदी सुरुवातीला संध्याकाळी औषध मारलं होतं, तो सावरला होता. नवीन पान हिरवंगार आणि अखंड वर येत होतं. शेजारी शेजारी दोन्ही उभे होते.

"दोन संध्याकाळी भेटल्या ना," काकी म्हणाली, "तर निम्मा वाचंल अजून. निम्म्यावर मी निभावते."

"मी उद्या सभेत मांडते."

"मांड." मग म्हणाली, "तुझ्या पप्पांना सांग, माणसं मोठ्या दिराचं ऐकतात. अळी नाय ऐकत."

तो निरोप मी घरी आल्यावर जसाच्या तसा दिला. वडिलांनी पेपर खाली ठेवला नाही.

सभेत मी उठले. माझ्याकडे मागणी तयार होती आणि ती इतकी लहान होती की मलाच हसू येत होतं: दोन संध्याकाळी, दिवस आदल्या दिवशी ग्रुपवर कळवू, तेवढा वेळ त्या बाजूच्या खिडक्या बंद ठेवा आणि मुलांना पुढच्या बाजूला खेळवा. दम्याच्या मुलाची आई समोरच बसली होती. मी बोलत असताना ती मान हलवत होती, नकाराची नाही. मला अजून वाटतं की ती हो म्हणाली असती.

चेअरमननी मला शांतपणे बोलू दिलं आणि मग विचारलं, "आपण सभासद आहात का?"

"वडील आहेत."

"मग त्यांनी मांडावं. म्हणजे मिनिट्समध्ये रीतसर घेता येईल. आपलं म्हणणं ऐकलं आम्ही, पण नियम म्हणजे नियम." ते वडिलांकडे वळले. "बोला ना, आपल्याच नात्यातला विषय आहे. आपल्याला यातलं कळतंही, आम्हाला काय, गहू आणि मका सारखाच."

दोन-चार जण हसले. वडील शेवटच्या रांगेत इस्त्रीच्या शर्टात बसले होते. सगळ्यांनी मागे वळून बघितलं. त्यांनी एवढंच म्हणायचं होतं की मुलगी बरोबर बोलतेय, मी स्वतः या शेतात राबलोय, संध्याकाळी मारल्याशिवाय ही अळी मरत नाही. त्या खोलीत हे सांगू शकणारा तो एकच माणूस होता.

"काही नाही," ते म्हणाले. "चालू द्या."

मग पाहुण्यांच्या गाड्या कुठे लावायच्या यावर तासभर चर्चा झाली.

वर आल्यावर मी त्यांच्याशी भांडले. आमच्या घरात एवढ्या मोठ्या आवाजात मी कधी बोलले नव्हते. आईनं गॅलरीचं दार लावून घेतलं, कारण भांडण खाली ऐकू जाऊ नये आणि शेतातही. वडील बराच वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, "आपण इथं राहायला आलो ना, त्या पहिल्या महिन्यात लिफ्टमधी एका बाईनं मला विचारलं, कितव्या मजल्यावर काम चाललंय. मिस्त्री समजली मला. माझीच जमीन होती ती. लिफ्ट जिथं हाय ना, तिथं आपली विहीर होती."

मला त्यांची दया आली आणि त्याच वेळी इतकी लाज वाटली की मी त्यांच्या तोंडाकडे बघू शकले नाही. माझे वडील त्या माणसांसारखे दिसावेत म्हणून त्या माणसांसमोर गप्प बसले होते. त्यांना शेतकरी दिसायचं नव्हतं. शेतकऱ्यांच्या नावानं मीच किती पत्रकं लिहिली आहेत, आणि माझ्या घरात तो शब्द इस्त्रीच्या शर्टाखाली लपवला जातो हे मला माहीत होतं. कॉलेजात वडील काय करतात असं कोणी विचारलं की मी स्वतः काय सांगायचे? बिझनेस.

दोन संध्याकाळी मिळाल्या नाहीत. गोकुळाष्टमीपर्यंत मका गारपीट झाल्यासारखा दिसायला लागला. कणसं धरली तीही अळीनं टोकाकडून पोखरली. दसऱ्याच्या आधी काकीनं जो उरला होता तो कापला. मी कुट्टीच्या मशिनवर मदतीला होते. कापलेल्या धाटांतून अळीची घाण भुशासारखी गळत होती आणि काकी प्रत्येक पेंढी झटकून मग मशिनला लावत होती. खड्डा अर्धासुद्धा भरला नाही. वर कागद घालताना मधोमध खळगा पडला, तो तिनं मातीनं भरून काढला, म्हणजे बाहेरून बघणाऱ्याला खड्डा भरलेला वाटावा. बघणारे आम्हीच होतो, वरून.

संक्रांतीनंतर मुरघास संपला. काकीनं काही दिवस विकतचा चारा घातला, मग थांबली. एका सकाळी ओढ्याकडच्या रस्त्यानं व्यापाऱ्याचा पिकअप आला. दोन गाई जाणार होत्या, त्यातली एक गाभण होती. मी खाली गेले. या वेळी वडीलही माझ्या मागे आले, मी न बोलावता, घरच्या बनियनवर आणि लेंग्यावर. मला वाटलं होतं ते गॅलरीतूनच बघतील.

गाई फळीवरून गाडीत चढत नव्हत्या. काकी पुढून दोर ओढत होती, काका मागून रेटत होते. वडील गेले आणि गाभण गाईच्या पाठीवर हात ठेवून तिला हळूच बोलत बोलत वर चढवली. गुरं त्यांचं अजून ऐकतात. मग ते खाली उतरले आणि माझ्याजवळ येऊन उभे राहिले. काकीनं पदर घेतला होता. ती आमच्यापासून फार तर चार पावलांवर होती.

"तिला सांग," वडील म्हणाले. "तिला सांग, चुकलं."

"मी नाही सांगणार," मी म्हटलं. "ती समोर उभी आहे."

काका दुसरीकडे बघू लागले. व्यापाऱ्याचा माणूस फळी बांधत होता. काकी जमिनीकडे बघत उभी होती, आणि तिला ते ऐकू गेलं होतं हे तिच्या हाताकडे बघून कळत होतं, दोर नुसता गुंडाळत होती आणि सोडत होती. वडिलांनी दोनदा घसा साफ केला. एकदा त्यांचे ओठ हलले. पिकअप सुरू झाला आणि ते गाडीच्या मागे थोडं चालत गेले, मग ओढ्याच्या वळणावरून तसेच घरी निघून गेले. मी तेव्हा बरोबर केलं की क्रूरपणा केला, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. चुकलं हा शब्द तिला मिळायला हवा होता. मी मध्ये उभी राहिले असते तर तो तिला निदान माझ्या तोंडून मिळाला असता.

काकीनं नंतर त्याबद्दल एकदाच काही म्हटलं. गोठा झाडता झाडता. "तू मोठी झालीस," ती म्हणाली, आणि ते कौतुक नव्हतं.

आता पुन्हा मका पेरलाय तिनं. राहिलेल्या दोन गाईंसाठी. चांगला उगवलाय, वीतभर झालाय, आणि आणखी थोड्या दिवसांत पतंग येऊन त्याच्या पानांवर अंडी घालतील, कारण त्यांना नोटीस वाचता येत नाही. ती नोटीस फळ्यावर अजून आहे. मी ती दोनदा फाडली आणि दोनदा नवीन लागली. गेल्या आठवड्यात मी दुसऱ्या मजल्यावरच्या त्या बाईंकडे गेले, बेल वाजवून. त्या म्हणाल्या, मला कोणी विचारलंच नाही गं, मी आईकडे घेऊन गेले असते त्याला दोन दिवस. त्यांनी तसं चेअरमनना लिहून दिलंय. वडिलांनी अजून दिलेलं नाही. मी त्यांना रोज विचारते. ते रोज पेपर वाचतात.

म्हणून हे तुमच्यासाठी लिहिलंय, कारण अशी भिंत एकट्या आमच्याच सोसायटीला नाही. शहराच्या कडेला राहत असाल तर तुमच्या खिडकीतूनही कोणाचं तरी शेत दिसत असेल, आणि ते दिसतं म्हणूनच तुम्ही तो फ्लॅट पसंत केला असेल. तर या आठवड्यात खाली उतरा. वळसा घालून जावं लागलं तर जा. तिथे जे कोणी राबत असेल त्याला विचारा, औषध कधी मारणार आहात. तो जी संध्याकाळ सांगेल त्या संध्याकाळी खिडकी लावा, मूल आजारी असेल तर त्याला घेऊन बाहेर जा, आणि हे तुमच्या ग्रुपवर तुम्ही तुमच्या नावानं लिहा. आणि तुम्ही आमच्यासारखे असाल, जमीन देऊन वर राहायला आलेले, तर पुढच्या सभेत तुम्ही उठा. तुमच्या मुलीला उठवू नका. तुम्हाला माहीत आहे ते तुमच्या तोंडानं, सगळ्यांसमोर सांगा, आणि मग वहिनी असो, भावजय असो, तिच्याकडे बघून तिला सांगा.